गाडीला कवच, शहर उघडेच!

वाशी, नेरुळ, खारघर या भागांत मोटारींची निगा राखणारी नवी दुकाने ठिकठिकाणी दिसू लागली आहेत. गाडी धुणे, पुसणे आणि फार तर मेणाचे पॉलिश करणे एवढ्यावर पूर्वी भागत असे. आता ‘सिरॅमिक कोटिंग’ हा परवलीचा शब्द झाला आहे आणि त्यासाठी काही हजारांपासून अर्ध्या लाखाच्या घरापर्यंत रक्कम मोजली जाते. कर्जाने गाडी घेतलेला नोकरदारही त्याला अपवाद नाही. ही हौस म्हणून हसण्यावारी नेता येईल. परंतु या खर्चात हौसेइतकाच नाइलाजही आहे, आणि विचार करावयास हवा तो या नाइलाजाचा.

पत्र्यावरील रंगाचा एकूण थर साधारणतः 100 ते 125 मायक्रॉन जाडीचा असतो. त्यातील सर्वांत वरच्या पारदर्शक थराला ऊन, खारी हवा, पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ यांचा मारा सोसावा लागतो. सिरॅमिक कोटिंग म्हणजे या थरावर हाताने पसरावयाचा सिलिकायुक्त द्रव. त्यातील द्रावक उडून गेला की एक-दोन मायक्रॉनचे, पुष्कळदा त्याहूनही पातळ, असे कठीण कवच उरते. अळवाच्या पानावरून ओघळावे तसे पाणी त्यावरून ओघळते आणि मळ चटकन निघतो. हे गुण खरे आहेत, तशाच मर्यादाही खऱ्या आहेत. उडालेला खडा हे कवच अडवू शकत नाही. त्यावर पाणी वाळले तर डाग पडतातच. शिवाय ते चढविण्यापूर्वी ओरखडे घालविण्यासाठी केलेल्या पॉलिशमध्ये मूळ थरच थोडा झिजतो. जाहिरातीतील ‘9 एच’ हे कठीणपणाचे माप पेन्सिलीने ओरखडा काढून ठरविलेले असते, हे किती ग्राहकांस ठाऊक असेल?

पण ग्राहकाला या कवचाची गरज का वाटते? नवी मुंबई हे आखून वसविलेले शहर. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने मुंबई बेटावरील गर्दीला पर्याय म्हणून त्याची उभारणी केली. मात्र एका बाजूस ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि दुसऱ्या बाजूस तळोजा अशा कारखानदारीच्या मध्ये ते वाढले. पारसिकच्या डोंगररांगेला दगडखाणींनी वर्षानुवर्षे पोखरले. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली. त्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले. परंतु शहरातील बांधकामे आणि जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालूच आहे. ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्यातील एका कारखान्याच्या रंगद्रव्याने भटक्या कुत्र्यांची अंगे निळी झाली, तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाला तो कारखाना बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. निळा रंग डोळ्यांना दिसला म्हणून गवगवा झाला. राखाडी धूळ रोजच बसते; तिचा गवगवा कोण करणार?

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी 1920 च्या आपल्या ग्रंथात धुराड्यांच्या धुराचे उदाहरण दिले आहे. धूर कारखान्याचा; पण कपडे पुन्हा धुण्याचा आणि घरे साफ करण्याचा खर्च शेजाऱ्यांच्या माथी. कारखानदाराच्या हिशेबवहीत तो कोठेच दिसत नाही. सिरॅमिक कोटिंगचे बिल हे त्याच धुण्याच्या खर्चाचे आजचे रूप होय. गंमत अशी की, राष्ट्रीय उत्पन्न मोजताना धुळीचे नुकसान वजा होत नाही. ती पुसण्याची सेवा मात्र जमेस धरली जाते. म्हणजे शहर जितके मळेल, तितकी त्याची भरभराट कागदावर अधिक दिसेल!

या व्यवसायाने तरुणांना रोजगार दिला, गाडीची पुनर्विक्रीची किंमत टिकविली आणि धुण्याचे पाणीही काही प्रमाणात वाचविले, हे मान्य करावयास हवे. ग्राहकाचीही त्यात चूक नाही. प्रश्न आहे तो पुढचा. ज्यांची तक्रार महापालिकेच्या दारी ऐकली जाण्याचा संभव अधिक, तोच वर्ग पैसे मोजून स्वतःपुरती सोय करून घेतो आणि तक्रार तेथेच विझते. मागे उरतात चौकातील वाहतूक पोलीस, तुर्भ्याच्या बाजारातील हमाल आणि बसथांब्यावर उभी असलेली शाळकरी मुले. त्यांच्या फुप्फुसांवर चढविण्याजोगे कोटिंग कोणत्याही दुकानात मिळत नाही. आणि गाडी झळाळली, तरी तिच्या मालकालाही श्वास त्याच हवेत घ्यावा लागतो.

केंद्र सरकारने 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यातील शहरांच्या यादीत नवी मुंबईचा समावेश झाला. तेव्हा उपाय अज्ञात आहेत असे नव्हे. राडारोडा वाहणाऱ्या ट्रकवर ताडपत्री, बांधकामाभोवती आडोसा आणि पाण्याचा फवारा, रस्त्यांची यांत्रिक सफाई, आणि नियम मोडणाऱ्याला परवडणार नाही असा दंड, एवढे कसोशीने केले तरी पुष्कळ साधेल. धुळीचा खर्च ती उडविणाऱ्याच्या खात्यावर पडला, तर तो धूळ आवरील. तो इतरांच्या खात्यावर पडत राहिला, तर कवच विकणाऱ्यांची दुकाने तेवढी वाढतील.