मोक्षपटावरचा साप

दिवाळीच्या सुट्टीत वैद्यकीचे शिक्षण घेणारा माझा भाचा बालाघाटला आला, तो पुठ्ठ्यावर आखलेला सापशिडीचा पट घेऊनच. ‘हा आम्हा मित्रांचा अभ्यास आहे, मामाजी!’ तो म्हणाला. माझ्यातला मास्तर लगेच जागा झाला. खेळ आणि अभ्यास?

पण पट पाहिला आणि गप्प बसलो. औषध देण्यापूर्वी रुग्णाला पूर्ण नाव विचारले, की शिडी. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतले, की शिडी. दूरध्वनीवर सांगितलेली औषधाची मात्रा लिहून घेऊन परत वाचून दाखवली, तरी शिडी. उलट, सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्यांतली एक चिठ्ठी न वाचता उचलली, की साप! तीव्र पोटॅशियम क्लोराइड सलाइनमध्ये न मिसळता थेट शिरेत गेले, तर हृदय बंद पडू शकते. पटावर मात्र सोंगटीच तेवढी खाली येते. आणि ती चूक कशी टळली असती, हे खेळणाऱ्याने सर्वांना सांगायचे असते.

ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेला आपला मोक्षपटही असाच. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप. पटावर सारे दानाच्या हाती. रुग्णालयात दानावर भिस्त ठेवून कसे चालेल? म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-यादी तयार केली. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. संघटनेच्या २०११ च्या रुग्णसुरक्षा अभ्यासक्रमात तर ‘चुकांपासून शिकणे’ हा स्वतंत्र विषयच आहे.

पटावरचा सर्वांत लांब साप होता अठ्ठ्याण्णवाव्या घरात : ‘चूक लपवली.’ माझी सोंगटी नेमकी तेथेच पडली. ही चूक कशी टळली असती? मला उत्तर देववेना. तीस वर्षे मी मुलांच्या वह्या लाल शाईने रंगवल्या, प्रसंगी छडीही उगारली. त्या धाकाने किती मुले चूक सुधारण्याऐवजी झाकायला शिकली असतील! त्यांतलाच कुणी आज एखाद्या रुग्णाच्या उशाशी उभा असेल. हातून काही चुकले, तर वेळेवर बोलण्याचे धैर्य त्याला होईल काय?

वाचकहो, घरातले मूल ‘माझे चुकले’ म्हणत आपणहून आले, तर आधी त्याला जवळ बसवावे. चूक मागाहून पाहावी.