‘अव्हंक्युलर’ : मामा कीं काका?

इंग्रजी कादंबऱ्यांत एखाद्या वयस्क गृहस्थाच्या हास्याला किंवा उपदेशाला ‘अव्हंक्युलर’ हें विशेषण लावलेलें आढळतें. कोशांत ‘अंकलसारखा’ एवढाच अर्थ पाहून आपण ‘काकांसारखा’ असें भाषांतर करून मोकळे होतों. शब्दाचें कुळ पाहिलें तर हें भाषांतर चुकतें, असें आम्हांस वाटतें.

मूळ शब्द लॅटिन ‘अव्हंक्युलस’. ‘अव्हस’ म्हणजे आजोबा. त्याचें हें लघुत्वदर्शक रूप. शब्दशः ‘धाकटे आजोबा’, परंतु अर्थ मामा. काकाला रोमन लोक ‘पाट्रुअस’ म्हणत; आपल्या संस्कृत ‘पितृव्या’चें तें भावंडच होय. आत्येला ‘अमिता’ आणि मावशीला ‘माटेर्टेरा’ अशीं निराळीं नांवें होतीं. शिवाय रोमन वाङ्मयांत पाट्रुअस हा कडक शिस्तीबद्दल प्रसिद्ध आहे!

जुन्या इंग्रजींतही मामाला ‘एआम’ व काकाला ‘फॅडेरा’ म्हणत. १०६६ सालीं नॉर्मनांनीं इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळांत फ्रेंचमधून ‘अंकल’ आणि ‘आंट’ आले व जुने शब्द मागें पडले. म्हणजे व्युत्पत्तीनें अंकल हा मामा आणि आंट ही आत्या. वापरांत मात्र त्यांत सारेच सामावले.

आतां वापराविषयीं. हें विशेषण प्रत्यक्ष नात्यापेक्षां वागण्याला अधिक लागतें. वयाचा अधिकार असूनही जो धाक घालीत नाहीं, थट्टामस्करी करीत समजुतीचे चार शब्द सांगतो, त्याचें बोलणें ‘अव्हंक्युलर’. समवयस्क मित्राला तें शोभत नाहीं. उगाच वडिलकीचा आव आणणाऱ्याविषयीं तें किंचित् उपहासानेंही योजतात. मराठींत ‘मामाच्या मायेनें’ म्हटल्यास अर्थ बराचसा साधतो.

हें लिहिण्यास आणखी एक कारण आहे. आमच्या घरांतूनही मुलें मामा, काका, आत्येचे यजमान आणि शेजारचे गृहस्थ या सर्वांस ‘अंकल’ म्हणूं लागलीं आहेत. भाचीला बोहल्याशीं आणण्याचा मान मामाचा, काकाचा नव्हे. नांव एकच झालें, तर हा मान कोणाचा व कां, हें मुलांना कसें कळावें? नात्यांचा हा भेद इंग्रजीनें एकदां गमावला तो गमावलाच. आपल्याजवळ तीं नांवें अजून आहेत. मुलांनीं इंग्रजी अवश्य शिकावें. पण आजोळीं गेल्यावर दारांतून हांक मारतांना ती ‘मामा’ अशीच यावी, एवढें वडील मंडळींनीं पाहावें.