सरपणाची पाहणी : घरे कशी निवडावीत?

तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरी हा जंगलपट्टीचा भाग. अशा गावी सरपण किती जळते हे पाहताना सडकेलगतच्या वीस घरांत विचारपूस करून सरासरी काढली जाते. ती फसवी ठरते.

समजा, गावात २०० कुटुंबे आहेत. मजुरीवर जगणारी १२० कुटुंबे रोज ६ किलो लाकूड जाळतात. शेती व गॅस असलेली ८० कुटुंबे २ किलो. सडकेवरच्या वीस घरांत दुसऱ्या प्रकारची १५ निघाली, तर सरासरी ३ किलो येईल. खरी सरासरी ४.४ किलो आहे. म्हणजे रोजचे २८० किलो सरपण कागदावरून नाहीसे झाले. जंगलातून मोळी आणणाऱ्या बाईच्या डोक्यावर ते आहेच.

म्हणून आधी कुटुंबांचे स्तर पाडावेत, प्रत्येक स्तरातून चिठ्ठ्या टाकून घरे निवडावीत व स्तरातील कुटुंबसंख्येप्रमाणे सरासरीला भार द्यावा. डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पीककापणीच्या पाहण्यांत स्तरित नमुना पद्धतीचाच पुरस्कार केला होता. धानाच्या अंदाजाला जी काटेकोरी लागते, ती चुलीला का नसावी?

स्तर पाडताना धुऱ्यावरच्या तुरीच्या तुराट्या आणि गोवऱ्या कोणाला मिळतात, हेही पाहावे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅसजोडण्या वाढल्या. परंतु जोडणी आहे म्हणून चूल विझली असे धरू नये. वर्षात किती सिलिंडर भरून आणले, ते विचारावे.

मोळ्या मोजून भागत नाही, कारण मोळी लहानमोठी असते. सायंकाळी ढीग तोलावा, त्यातलेच सरपण वापरावयास सांगावे आणि दुसऱ्या सायंकाळी उरलेले तोलावे. हिवाळ्यात एकदा, पावसाळ्यात पुन्हा एकदा.