अभ्यासदौरा की सहल? प्रश्न हिशेबाचा

साखरा (जि. हिंगोली) : सरकारी तिजोरीतून परदेशी जाणाऱ्यांची यादी जाहीर झाली की शहरी वाचकाच्या ओठांवर पहिला शब्द येतो तो ‘सहल’. आमदार असोत, अधिकारी असोत वा शेतकरी. अभ्यासाच्या नावाखाली मंडळी फिरून येतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच निराधार नाही. २०१२ मध्ये कर्नाटक दुष्काळात होरपळत असताना तेथील आमदार दक्षिण अमेरिकेच्या अभ्यासदौऱ्यावर निघाले आणि देशभर टीकेचे धनी झाले. मात्र कामाला जोडून चार स्थळे पाहणे हाच मुळात गुन्हा आहे काय, याचा विचार शांतपणे व्हायला हवा.

खासगी क्षेत्राने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच देऊन टाकले आहे. हिंजवडीतील अभियंता कंपनीच्या कामासाठी जर्मनीला जातो, शनिवार-रविवार जोडून स्वित्झर्लंड पाहून येतो आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. ‘बिझनेस’ आणि ‘लेझर’ हे दोन शब्द सांधून या प्रकाराला ‘ब्लीझर’ असे नावही मिळाले आहे. अमेरिकेचा ‘बी-१/बी-२’ व्हिसा तर व्यवसाय आणि पर्यटन या दोन्ही हेतूंसाठी एकत्रच दिला जातो. कंपनीचा नियम मात्र साधा आहे : कामाचा खर्च कंपनीचा, फिरण्याचा खर्च ज्याचा त्याचा आणि परतल्यावर कामाचा अहवाल द्यायचा. सरकारी दौऱ्यांत नेमकी ही रेषा पुसट होते.

सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारख्या गावातून पाहिले की या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. राज्याच्या कृषी विभागाची शेतकऱ्यांसाठी परदेश अभ्यासदौऱ्यांची योजना आहे. तिच्यात सरकार सारा खर्च उचलत नाही. खर्चाच्या निम्मी रक्कम, तीही ठरावीक मर्यादेपर्यंत, अनुदान म्हणून मिळते. उरलेला भार शेतकऱ्याचा. सातबारा नावावर हवा, उपजीविका प्रामुख्याने शेतीवर हवी, पासपोर्ट हवा आणि पूर्वी सरकारी साह्याने परदेशवारी झालेली नसावी, अशा अटी आहेत. सोयाबीन, तूर आणि हळद यांवर संसार चालवणाऱ्या कुटुंबाला आपल्या वाट्याचे पैसे उभे करणे सोपे नाही. एवढी पदरमोड करून गेलेल्या माणसाने वाटेत एखादा धबधबा पाहिला म्हणून त्याला चैनखोर ठरवणे अन्यायाचे होईल. त्याच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे. त्याला जे दाखवले जाते, त्याचा त्याच्या शिवाराशी संबंध किती?

हळदीचेच उदाहरण घेऊ. हिंगोली जिल्हा ही हळदीची मोठी बाजारपेठ आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि वसमत येथेच राज्याचे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये देशात ११.६१ लाख टन हळद पिकली. जगाच्या उत्पादनात भारताचा वाटा ७५ टक्क्यांहून अधिक. म्हणजे हळद कशी पिकवावी, हे शिकण्यासाठी या शेतकऱ्याने सातासमुद्रापार जाण्याचे फारसे कारण नाही. मात्र त्याच वर्षी निर्यात झाली ती सुमारे दीड लाख टनांची. बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, अमेरिका आणि मलेशिया हे प्रमुख ग्राहक. तेथील आयातदार कोणत्या चाचण्या मागतो, पावडर कशी भरली जाते, दुकानात ती काय भावाने विकली जाते, हे पाहण्यासारखे आहे. नेदरलँड्समधील काचगृहातील फुलशेती पाहून डोळे दिपतात. पण काचगृहाचा खर्च कोरडवाहू शेताला पेलणारा नसतो.

पिकाला अनुरूप अभ्यासाचे मोल किती असते, हे द्राक्ष बागायतदारांनी अनुभवले आहे. १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ स्थापन झाली आणि महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात संघटितपणे जाऊ लागली. २००३ मध्ये कीडनाशकांच्या अंशामुळे मालाला फटका बसला, तेव्हा परक्या बाजाराचे निकष किती काटेकोर असतात, हे बागेपर्यंत पोहोचले. पुढे २००६ मध्ये बागेपासून कंटेनरपर्यंत माग ठेवणारी ‘ग्रेपनेट’ व्यवस्था आली. अशा शेतकऱ्याने युरोपातील एखाद्या सुपरमार्केटमध्ये तासभर नुसता फेरफटका मारला, तरी ते पर्यटन न राहता बाजाराचा अभ्यास ठरते. पाहणारी नजर तयार असली की सहलीतूनही शिक्षण घडते. ती नसली तर अभ्यासदौऱ्याचीही सहल होते.

याचा सर्वांत ठळक दाखला शंभर वर्षांपूर्वीचा आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवरून अनेकदा परदेशी गेले. प्रकृतीसाठी हवापालट, देशाटन आणि राज्यकारभार हे तिन्ही हेतू त्या प्रवासांत मिसळलेले असत. १९०६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली, १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी तज्ज्ञाला बडोद्यात आणले आणि संस्थानात गावोगावी मोफत वाचनालये उभी राहिली. महाराजांनी किती दिवस कामात आणि किती दिवस हवापालटात घालवले, याचा जाब आज कोणी विचारत नाही. कारण प्रवासाचे फळ लोकांच्या हाती पडले.

आजच्या दौऱ्यांनाही हीच कसोटी लावायला हवी. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. निवडलेल्या शेतकऱ्याचे मुख्य पीक पाहून देश ठरवावा. कार्यक्रमपत्रिकेत अभ्यासाचे तास आणि फिरण्याचे तास वेगळे दाखवावेत आणि दौऱ्याआधीच ती जाहीर करावी. परतल्यानंतर दोन महिन्यांत प्रत्येकाने गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी शेतकऱ्यांची बैठक घेऊन आपण काय पाहिले आणि त्यातील काय इथे रुजू शकते, हे सांगावे. आमदार आणि अधिकारी यांना तर हा नियम अधिक कठोरपणे लागू व्हावा. कारण त्यांच्या दौऱ्याचा भार सार्वजनिक निधीवर पडतो.

अन्यथा पुढील यादी जाहीर होताच पुन्हा ‘सहल’ हाच शब्द उच्चारला जाईल. त्या शब्दाचा डाग फुकट फिरणाऱ्यांबरोबरच स्वतःचे पैसे घालून शिकायला निघालेल्या साखऱ्यासारख्या गावातील शेतकऱ्यालाही लागेल.