मित्राशी कट्टीही करता येते

वसईच्या आमच्या वाडीतल्या घरात, माजघराच्या भिंतीवर येशूची एक जुनी तसबीर होती. काच तडकलेली, चौकटीचा रंग उडालेला. आई पहाटे उठली की चुलीकडे वळण्याआधी तिच्यापुढे क्षणभर उभी राही आणि हलक्या आवाजात काहीबाही बोले. त्या प्रार्थना नव्हेत, गप्पाच असत. केळींना आज पाणी द्यायचे आहे, धाकट्याचा ताप उतरलेला नाही, दादरच्या बाजारात फुलांना भाव मिळेना! वडील अकाली गेले तेव्हा मात्र तिने ती तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली. ‘‘त्याच्याशी माझी कट्टी आहे,’’ एवढेच म्हणाली. महिनाभराने एका सकाळी तसबीर पुन्हा सुलटी दिसली. घरात कोणी काही विचारले नाही.

तेव्हा मला तो देवाचा अपमान वाटला होता. पुढे योहानाच्या शुभवर्तमानातली मार्था वाचली आणि आई उमगली. बेथानीच्या लाजारवर येशूचा जीव होता. तो आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू वेळेवर पोहोचला नाही. आला तो लाजारला कबरीत ठेवून चार दिवस झाल्यावर. मार्थाने त्याला वाटेतच गाठले आणि तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, असे तोंडावर सुनावले. येशू तिच्यावर रागावला नाही. कबरीकडे जाताना तो स्वतःच रडला. जिथे तक्रार करण्याचीही मुभा नाही, तिथे भय असेल, आदर असेल; मैत्री कुठली?

मराठी मनाला हे परके वाटू नये. नवविधा भक्तीत आत्मनिवेदनाच्या अलीकडची पायरी सख्याचीच. जनाबाईसोबत विठ्ठल जात्यावर बसतो, ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली आहे. १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे मोकळेपणाने सांगत. तिकडे सतराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा मठवासी मुदपाकखान्यात राबत असे. भांड्यांच्या खडखडाटातही त्याला देवाची सोबत प्रार्थनेच्या वेळेइतकीच जाणवे. मैत्रीला देवघर लागत नाही, ती चुलीपाशीही होते.

पण इथेच आपली एक गफलत होते. मित्र म्हणता म्हणता आपण येशूला वशिला करून टाकतो. मुलाचा प्रवेश, मुलीचे लग्न, नोकरीतली बढती. काम झाले की मेणबत्ती, न झाले की रुसवा. अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांना सांगितले होते, की यापुढे तो त्यांना दास म्हणणार नाही, मित्र म्हणेल. कारण धन्याच्या मनात काय आहे ते दासाला ठाऊक नसते. याचा अर्थ सरळ आहे. मित्राला मित्राचे मन कळते आणि मन कळले की त्याची काळजीही वाटून घ्यावी लागते. आपल्या गाऱ्हाण्यांची यादी त्याच्या हाती देणे सोपे. त्याची यादी आपण कधी मागून घेतो का?

आणि त्याची यादी अडचणीची असते. तो जकातदारांचा आणि पापी लोकांचा मित्र, अशी त्याची निंदा झाली. धरून द्यायला आलेल्या यहूदालाही त्याने त्या रात्री मित्र म्हणूनच हाक मारली. अशाशी मैत्री जोडायची, तर त्याचे मित्रही पदरात येतात. मोठ्या लोकांबद्दल हे लिहिणे सोपे आहे, म्हणून माझेच सांगतो. अर्ध्या गुंठ्याच्या बांधावरून माझे आणि थोरल्या भावाचे बोलणे तीन वर्षे बंद होते. वसईत जमिनीला सोन्याचे मोल आले आणि घरोघरी बांध उंच झाले. रोज रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना क्षमेच्या ओळीपाशी माझी जीभ अडखळे, तरी मी ती रेटून म्हणत असे.

पेत्राने येशूला तीनदा नाकारले होते. पुनरुत्थानानंतर येशू त्याला सरोवराकाठी भेटला, तेव्हा जाब विचारण्याआधी त्याने निखाऱ्यांवर मासळी भाजून ठेवली होती. आधी न्याहारी, मग प्रश्न. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर हे आठवले आणि पाय भावाच्या अंगणाकडे वळले. वहिनीने चहा ठेवला. दादाने केळीच्या रोगाविषयी विचारले. बांधाचा विषय दोघांनीही काढला नाही.

तो तंटा अजून मिटलेला नाही. कदाचित अर्धा गुंठा माझ्या हातून जाईलही. पण येशूशी मैत्री आहे, असे म्हणायचे आणि त्यासाठी पदरचे काहीच जाऊ द्यायचे नाही, हे कसे जमावे? तसबिरीपुढे उभे राहून आई त्याच्याशी भांडली, ते तिला शोभले. आपण मात्र त्याच्याशी गोड बोलतो आणि शेजारच्या दाराकडे पाठ फिरवतो. खरी कट्टी ती हीच.