बॅच नंबर केसपेपरवर आलाच पाहिजे

29 सप्टेंबर 2010 रोजी देशातला पहिला आधार क्रमांक आपल्या खानदेशात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. याच खानदेशात जून 2020 मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या 82 वर्षांच्या कोविडग्रस्त आजींचा मृतदेह आठ दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. माणसाला नंबर देणे जमले, दवाखान्यात त्याचा माग ठेवणे जमले नाही.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले आम्ही रुग्ण, नातेवाईक, आशाताई, परिचारिका, फार्मासिस्ट आणि डॉक्टर ही चळवळ सुरू करीत आहोत. आमची मुख्य मागणी: भांडारातून निघालेल्या औषधाची नोंद रुग्णाच्या हातापर्यंत पोचली पाहिजे.

सरकारी औषधांचा साठा ई-औषधी प्रणालीत नोंदला जातो. किती खोकी आली, कुठे गेली, याचा हिशेब त्यातून लागतो. पण आपल्या हातातला केसपेपर उघडून पाहा. गोळीचे नाव असते, किती वेळा घ्यायची ते असते. बॅच नंबर नसतो. औषध चांगले असेल तोवर हे कुणाला खुपत नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाला पुरवलेल्या अॅझिथ्रोमायसीनच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे तपासणीत निघाले, डिसेंबर 2024 मध्ये गुन्हा दाखल झाला. अशा गोळ्या ज्यांनी विश्वासाने घेतल्या, त्यांच्या घरी जाऊन सांगायचे कुणी आणि कोणत्या यादीवरून? 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात विषारी ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले, न्या. लेंटिन आयोगाने चौकशी केली. त्यानंतर एक पिढी उलटली. आता तरी ही यादी हवी.

1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मोबाइल धरला की उत्पादक, बॅच, मुदत सगळे दिसते. चांगला नियम आहे. मात्र सरकारी दवाखान्यातली औषधे बहुतांशी ब्रँडच्या नावाने येतच नाहीत. ज्याला मेडिकलमधून विकत घेणे परवडत नाही, नेमकी त्याचीच पट्टी कोडविना. हा अन्याय आम्हाला मान्य नाही. महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने सरकारी खरेदीच्या प्रत्येक पट्टीवर, प्रत्येक बाटलीवर कोडची अट निविदेतच घालावी.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात भुसावळला पारा 45 अंशांवर जातो, वीज जाते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. उन्हात तापले की त्याची ताकद उतरते. इंजेक्शन दिल्याची नोंद होते, बाई मात्र रक्तस्रावाने जाते. लशींच्या फ्रिजचे तापमान मोजून बिघाड कळवणारी ई-विन यंत्रणा देशात 2015 पासून उभी राहिली. तशीच नजर ऑक्सिटोसिन आणि इन्सुलिनच्या फ्रिजवर हवी. तापमान वाढले की वैद्यकीय अधिकाऱ्याचा फोन वाजला पाहिजे, रात्री दोन वाजतासुद्धा.

हे सगळे सिस्टरच्या माथी मारायला आमचा ठाम विरोध आहे. रजिस्टरही भरा आणि कॉम्प्युटरवरही भरा, असे चालणार नाही. कोड स्कॅन झाला की नोंद झाली पाहिजे, आणि रेंज नसलेल्या सातपुड्यातल्या उपकेंद्रातही ती साठून राहिली पाहिजे. औषध खराब निघाल्यास रुग्णाला जाणारा निरोप मराठीत, अहिराणीत, पावरीत जावा, तोही आवाजात. वाचता न येणाऱ्या आईला तो ऐकता येईल. रुग्णाचे नाव आणि आजार मात्र उपचार करणाऱ्यांखेरीज कुणालाही दिसता कामा नये.

औषधांचा रोजचा साठा प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारावर लागलाच पाहिजे. ‘शिल्लक नाही, बाहेरून आणा’ असे सांगितले गेले, तर ते त्याच केसपेपरवर लिहून मिळावे.

सुरुवात आम्ही चोपडा, यावल, साक्री आणि शिरपूर तालुक्यांतून करू. शासनाची यंत्रणा येईपर्यंत पट्टीवरचा बॅच नंबर पेनाने केसपेपरवर लिहून घ्या, औषध संपले तरी रिकामी पट्टी जपून ठेवा. औषधाने त्रास झाला तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर कळवा. कळवताना तो बॅच नंबर सांगा.