पहाटे जागणारी वीज

जानेवारीतली पहाट. यावलच्या केळीबागेत पानांवरून दव टपटपतंय, सातपुड्याकडून गारठा उतरलाय. शेतकऱ्याचा जीव एकाच आकड्यात अडकलेला: सलग ३ दिवस पारा ८ अंशांवर किंवा त्याखाली राहिला का? हवामानाधारित फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. केंद्र चालतं सोलर प्लेट आणि बॅटरीवर. ज्या घडीला त्यानं जागं राहायचं, नेमका त्याच घडीला सूर्य नसतो! दिवसा साठवलेलं तेवढंच हाताशी.

बागेतल्या ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचं तर आणखी अवघड. केळीचं पान माणसापेक्षा लांब. त्याच्या सावलीत सोलर प्लेट उपाशी राहते. मग ती खांबावर, पानांच्या वर न्यायची, शिवाय धूळही पुसायची. सेन्सर बराच वेळ झोपलेला असतो. उठतो, मोजतो, क्षणभर संदेश धाडतो आणि सर्वांत जास्त वीज त्या धाडण्यातच खर्चतो. जमीन आणि हवेच्या तापमानातल्या फरकातूनही वीज मिळते, पण थेंबथेंब.

पहाटेची नोंद अशी बॅटरीवरच टिकते, म्हणून आम्हा शेतकऱ्यांची मागणी साधी आहे. मंडळातल्या केंद्राची बॅटरी शेवटची कधी बदलली, ती तारीख गावच्या चावडीवर लावा.